थेंब पसरू द्यायचा नाही

पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं भारतीय मानक सांगतं. आता १० मायक्रोलिटरचा, म्हणजे साधारण अडीच मिलिमीटर व्यासाचा एक थेंब घ्या. मर्यादेइतकं शिसं असलं तरी त्या थेंबात ते किती येईल? ग्रॅमचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एक! तोही थेंबभर विखुरलेला. पाणी उडून गेलं की शिसं मागे राहतं, हे खरं. पण ते नेमकं कुठे राहतं, यावर पुढची सगळी तपासणी अवलंबून असते.

ओट्यावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की गडद कडं उरतं आणि मधला भाग फिकट राहतो. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसलेली असते. कडेचं पाणी भराभर उडतं, ते भरून काढायला आतलं पाणी बाहेरच्या दिशेने वाहतं आणि जाताना कण ओढून नेतं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे कारण उलगडून दाखवलं. आधीच नगण्य असलेला पदार्थ असा लांबलचक कड्यावर पसरला, तर तो ओळखण्यासाठी शोधणाऱ्याने लेसर रोखायचा तरी कुठे?

म्हणून ती कडच चिकटू द्यायची नाही. अळवाचं पान हे काम उत्तम करतं. वड्यांसाठी पानं धुताना पाणी गोळ्या होऊन घरंगळतं, पान कोरडंच. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक. थेंब नुसत्या टोकांवर टेकतो, खाली हवा अडकलेली राहते. कमळाच्या पानातलं हेच रहस्य बॉन विद्यापीठाच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्येच सविस्तर मांडलं. पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो पाण्याच्या आतून मोजलेला कोन, १५० अंशांच्या वर गेला की पृष्ठभागाला अतिजलरोधी म्हणतात.

अशा पृष्ठभागावर थेंब आटत जातो तशी त्याची कडही आत सरकते. आतला पदार्थ दाट होत जातो आणि अखेरीस एका ठिपक्यात गोळा होतो. काचेवर ५ मिलिमीटर रुंद डाग पडला असता तिथे ०.२ मिलिमीटरचा ठिपका उरला, तर क्षेत्रफळ ६२५ पटींनी घटलं! उपकरण तेच, पण त्याच्या नजरेच्या टप्प्यात आता कितीतरी जास्त पदार्थ आहे.

इटलीत दे आंजेलिस, दी फाब्रित्सिओ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही कल्पना टोकाला नेली. सिलिकॉनचे सूक्ष्म खांब उभारून त्यांवर त्यांनी थेंब आटवला आणि गोळा झालेले रेणू रामन प्रकीर्णनाने, म्हणजे रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून, ओळखले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेला परिणाम तो हाच, फक्त इथे धातूच्या नॅनोरचनांनी त्याचा क्षीण संकेत कैक पटींनी वाढवलेला. त्यांनी गाठलेली पातळी ॲटोमोलर होती. एक ॲटोमोलर म्हणजे १० मायक्रोलिटरच्या थेंबात जेमतेम सहा रेणू. इतके विरळ रेणू आपसूक भटकत संवेदकापर्यंत पोहोचायची वाट पाहिली तर दिवस जातील. आटणारा थेंब त्यांना स्वतःच तिथे आणून सोडतो, आणि मला या पद्धतीतलं खरं सौंदर्य इथेच दिसतं.

विहिरीच्या पाण्याशी गाठ पडली की मात्र अडचणी सुरू होतात. शिशाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षारही दाट होतात, आणि ते हजारो पटींनी जास्त असतात. ठिपका म्हणजे मग क्षारांचा खडा, ज्यात शिसं गाडलं जातं. त्यामुळे क्षार आधी वेगळे काढावे लागतात. क्लोरोफॉर्मसारखे उडून जाणारे पदार्थ तर या पद्धतीने सापडणारच नाहीत. साबणाचा अंश असेल तर पृष्ठताण कमी होतो, पाणी खांबांच्या मधे शिरतं, हवा निघून जाते आणि थेंब तिथेच रुतून बसतो.

या शेवटच्या अडचणीवर पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वेगळी वाट दाखवली. कीटक पकडणाऱ्या घटपर्णीच्या निसरड्या कडेवरून सुचलेला पृष्ठभाग त्यांनी वापरला. त्याच्या सूक्ष्म खाचांत हवेऐवजी वंगण भरलेलं असतं, त्यामुळे कमी पृष्ठताणाच्या द्रवांचे थेंबही न अडकता आक्रसत जातात.