मोटार शर्यतींतील फसवणूक, हेरगिरी व दंड

नियमात न बसणारा भाग गाडीत दडवणे, दुसऱ्या संघाची गुप्त माहिती मिळवणे आणि शर्यतीचा निकाल ठरवून फिरवणे हे व्यावसायिक मोटार शर्यतींतील गैरप्रकारांचे तीन ठळक प्रकार. फॉर्म्युला वन आणि जागतिक रॅली स्पर्धांत त्यांचा निवाडा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ, म्हणजे एफआयए, करतो. नियम लिहिणारा, आरोप ठेवणारा आणि शिक्षा सुनावणारा बराच काळ एकच होता. त्यामुळे एकाच जातीच्या गुन्ह्याला निरनिराळी शिक्षा, ही तक्रार या खेळाला चिकटली ती सुटलेली नाही.

पहिला प्रकार सर्वांत जुना, आणि पकडला गेल्यावरही लोक ज्याचे कौतुक करतात असा. अमेरिकेतील नॅसकार शर्यतींत टाकीत किती पेट्रोल मावावे हे नियमाने ठरले होते. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीविषयी तो गप्प होता. स्मोकी युनिक या मेकॅनिकने नळीच लांब आणि जाड करून तीत जादा पेट्रोल साठवले. ही पळवाट झाली. 1995 मध्ये टोयोटाने रॅलीच्या गाडीत केले ती मात्र निखळ लबाडी होती. इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोत जाणारी हवा मर्यादित ठेवणारा रिस्ट्रिक्टर गाडीला बसवून आवळला की सरके आणि बाजूने जादा हवा आत घेई. तपासणीसाठी सोडवला की निमूट जागेवर येई. एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी कारागिरीची तारीफ केली आणि संघाला 12 महिने बाहेर काढले. चालकांचेही गुण गेले. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेला युहा कांकुनेन गुणतक्त्यातूनच नाहीसा झाला.

हेरगिरीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे, कारण दुसऱ्याचे पाहून शिकणे हा या खेळाचा रोजचा व्यवहार आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागधारकाला यातला भेद समजावून सांगावा लागत नाही. बाजारात टांगलेली चादर बघून तसा मोर विणणे वेगळे आणि शेजारच्या कारखान्यातून नक्षी ठरवणारी जॅकार्डची कार्डेच उचलून आणणे वेगळे. 1961 मध्ये पूर्व जर्मनीच्या एमझेड संघाचा मोटारसायकलस्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, तो टू-स्ट्रोक इंजिनाचे ज्ञान घेऊनच. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीला 50 सीसीचे जगज्जेतेपद मिळवून दिले. ही कार्डे उचलण्याची गोष्ट.

2007 ची तर त्याहून सरळ. फेरारीतील नायजेल स्टेपनी याच्याकडून सुमारे 780 पानांची तांत्रिक कागदपत्रे मॅक्लारेनचा मुख्य डिझायनर माइक कॉफलन याच्याकडे पोहोचली. त्याच्या पत्नीने ती इंग्लंडमधील एका झेरॉक्सच्या दुकानात नेली. दुकानातील कर्मचारी शर्यतींचा जाणकार. त्याने फेरारीला कळवले. जुलैत मॅक्लारेन दोषी ठरली, पण माहिती वापरल्याच्या पुराव्याअभावी शिक्षा झाली नाही. मग चालकांचे ईमेल पुढे आले आणि सप्टेंबरात 10 कोटी डॉलर दंड झाला, संघाचे त्या हंगामातील सर्व गुणही गेले. मॅक्लारेनचे चालक फर्नांडो अलोन्सो आणि लुइस हॅमिल्टन यांचे गुण मात्र राहिले, कारण माहिती देणाऱ्या चालकांना अभय देण्यात आले होते. 1995 मध्ये कांकुनेनला जे भोगावे लागले, त्याच्याशी याचा मेळ बसत नाही. डिसेंबरात रेनो संघाकडे मॅक्लारेनची माहिती सापडली; दोष सिद्ध झाला, दंड शून्य. एफआयएचे म्हणणे, त्या माहितीचा स्पर्धेवर परिणाम दिसत नाही. मोजमाप गुन्ह्याचे करायचे की लाभाचे, हे त्या वर्षी ठरलेच नाही.

भारतीय प्रेक्षकांना जवळचे उदाहरण 2020 चे. विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडियाचा वारसा सांगणाऱ्या रेसिंग पॉइंट संघाने मागच्या ब्रेकला हवा पुरवणाऱ्या डक्टचे डिझाइन मर्सिडीजवरून घेतल्याचे ठरले. दंड 4 लाख युरो आणि 15 गुण, पण तेच डक्ट उरलेला हंगाम वापरण्यास परवानगी! अखेरीस संघ तिसऱ्या क्रमांकापासून 7 गुणांनी दूर राहिला. म्हणजे दंड परिणामकारक होता. तर्कशुद्ध होता असे म्हणणे अवघड.

निकाल फिरवण्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण 2008 च्या सिंगापूर शर्यतीचे. रेनोच्या नेल्सन पिके ज्युनिअरने ठरवून गाडी भिंतीवर आदळली, अपघातानंतर सर्व गाड्यांचा वेग रोखणारी सेफ्टी कार आली आणि त्याचा सहकारी अलोन्सो जिंकला. उघड झाले 2009 मध्ये. संघाला स्थगित स्वरूपाची शिक्षा, संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे यांना अमर्याद बंदी. पॅरिसच्या न्यायालयाने 2010 मध्ये ही बंदी रद्द केली. ब्रियातोरे 2024 मध्ये रेनोच्याच अल्पाइन संघात सल्लागार म्हणून परतले.

पुढे एफआयएने निवाड्यासाठी वेगळे लवाद मंडळ नेमले. 2013 मध्ये त्याच्यापुढे मर्सिडीजने चालू हंगामाच्या गाडीने केलेली नियमबाह्य टायर चाचणी आली. ताकीद आणि नवोदित चालकांच्या चाचणीस मज्जाव, एवढ्यावर भागले. 2021 ची खर्चमर्यादा ओलांडल्याबद्दल रेड बुलला 70 लाख डॉलर दंड आणि हवागतिकीय चाचण्यांत 10 टक्के कपात झाली, गुणांना हात लागला नाही. सिंगापूरचा निकालही बदललेला नाही. 2008 मध्ये एका गुणाने जगज्जेतेपद हुकलेल्या फेरारीच्या फेलिपे मासाने 2024 मध्ये एफआयएविरुद्ध लंडनच्या न्यायालयात दावा लावला.