‘किती आली?’ : टाइप वन मधुमेह, किशोरवय आणि सजगतेची पार्श्वभूमी

मुलगी क्लासवरून येते, चप्पल काढत असतानाच आतून प्रश्न येतो, ‘किती आली?’ टाइप वन मधुमेह, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनत नाही आणि ते रोज टोचून घ्यावं लागतं, असलेल्या मुलांच्या घरात या प्रश्नात ‘शुगर’ हा शब्द घालावाच लागत नाही. मुलगी म्हणते, ‘एकशे चाळीस.’ ग्लुकोमीटरची मेमरी उघडून पाहिली तर तिथे २६८ असतं, किंवा दुपारपासून काहीच नसतं. खोटेपणाची हौस म्हणून ती असं सांगत नाही. २६८ म्हटलं की पुढची उलटतपासणी तिला पाठ झालेली असते: काय खाल्लंस, कुणाच्या डब्यातलं खाल्लंस, डोस घेतलास की विसरलीस.

गेल्या काही वर्षांत या वयाच्या मधुमेही मुलांना ‘माइंडफुलनेस’ सुचवला जातो. मराठीत त्याला सजगता म्हणू लागले आहेत. श्वासाकडे लक्ष द्या, आलेला विचार पाहा, त्यावर शिक्का मारू नका, असं त्याचं साधारण रूप. शुगरच्या आजारात ही गोष्ट आली कुठून? ज्या आजारात लक्ष द्यायला आधीच इतकं आहे, तिथे आणखी लक्ष द्यायला सांगण्यात काय अर्थ, असाही प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्तच आहे.

इन्सुलिनच्या आधी या आजाराला उपाय एकच होता, उपासमार. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांचा आहार प्रसिद्ध होता. रोगी जगावा म्हणून त्याला जवळजवळ उपाशी ठेवायचं. त्या काळातल्या अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज हिला १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, मधुमेह झाला. तीन वर्षं ती मोजून-मापून खात तग धरून राहिली. ऑगस्ट १९२२ मध्ये ती इन्सुलिनसाठी टोरोंटोला पोहोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचं वजन वीस किलोंच्या आसपास होतं. त्याच वर्षी ११ जानेवारीला टोरोंटोतच लिओनार्ड थॉम्पसन या रोग्याला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. स्वादुपिंडातून काढलेला तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, गुण आला नाही. रसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला टोचला आणि त्याची शुगर उतरली. लिओनार्डचं वय होतं १४. म्हणजे इन्सुलिनची कथा सुरू झाली तीच एका किशोरवयीन मुलापासून.

एलिझाबेथ पुढे १९८१ पर्यंत जगली. तिने आयुष्यात सुमारे ४२ हजार इंजेक्शनं घेतली असा हिशेब सांगतात. पण मला या कथेत जास्त बोलकी वाटते ती दुसरीच गोष्ट. इन्सुलिनमुळे वाचलेल्या पहिल्या काही मुलांपैकी ती एक, आणि तरी आपला आजार तिने आयुष्यभर मोजक्या जवळच्या माणसांपलीकडे कळू दिला नाही. मरण टळलं होतं, लपवणं सुरू झालं होतं.

इन्सुलिनने मृत्यूच्या जागी रोजचा हिशेब आणून ठेवला. बोस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन म्हणत, मधुमेह हा तीन घोड्यांचा रथ आहे: आहार, इन्सुलिन आणि व्यायाम. लगाम अर्थातच रोग्याच्या हाती. शिस्तीच्या या भाषेने कितीतरी लोकांना दीर्घायुष्य दिलं, हे मान्य केलंच पाहिजे. मात्र रथ घसरला की चूक सारथ्याची, हाही अर्थ तिच्यातच दडलेला होता. लघवी बेनेडिक्टच्या द्रावणात उकळून रंग पाहायचा तो जमाना. निळा राहिला, म्हणजे शुगर नाही, तर शाबासकी; विटकरी झाला, म्हणजे शुगर खूप, तर घरभर शांतता. १९७० च्या आसपास रक्तातली शुगर मोजणारी पहिली यंत्रं आली, ती डॉक्टरांच्या टेबलावर. घरोघरी मीटर पोहोचायला आणखी दशक गेलं. दरम्यान एचबीएवनसी ही रक्ततपासणी आली आणि मागच्या दोन-तीन महिन्यांचा कारभार एका आकड्यात दिसू लागला.

१९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल लागला. १३ ते ३९ वयाचे १,४४१ रुग्ण तिच्यात होते. शुगर काटेकोर ठेवली तर डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होतो, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून जगभर ‘घट्ट कंट्रोल’ हा मंत्र झाला. त्याच चाचणीतल्या किशोरवयीन मुलांची बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. फायदा त्यांनाही झाला, पण तितकीच मेहनत घेऊनही त्यांची एचबीएवनसी मोठ्यांपेक्षा जवळपास एक टक्क्याने वरच राहिली, आणि शुगर धोकादायक खाली जाण्याचे प्रसंगही त्यांच्यात जास्त आले.

याचं एक कारण १९८६ मध्येच छापून आलं होतं. वयात येताना वाढीचं संप्रेरक जोरात असतं आणि तेवढंच इन्सुलिन कमी काम करतं. कालचा डोस, कालचाच डबा, तरी आज आकडा वर. यात मुलीचा काय दोष? पण ही माहिती स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला. काही घरांत ती अजून पोहोचायची आहे.

मनाकडे पाहण्याचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. १९७० च्या दशकात फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी वारंवार दवाखान्यात भरती होणाऱ्या मधुमेही मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. आईवडिलांचा वाद चालू असताना मुलांच्या रक्तातली मेदाम्लं वाढताना त्यांना दिसली. ताण रक्तापर्यंत पोहोचतो हे त्यातून पुढे आलं, पण बोट रोखलं गेलं ते कुटुंबावर. पुढे १९९५ मध्ये बोस्टनच्या जॉस्लिन केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. नैराश्य वेगळं आणि या आजाराचं रोजचं ओझं वेगळं, हे तिने मोजून दाखवलं. त्या ओझ्याला ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ हे नाव पडलं. आपल्याकडे साध्या शब्दांत ‘कंटाळा आलाय गं या सगळ्याचा’ असं म्हणतात, ते हेच. येल विद्यापीठात मार्गारेट ग्रे यांनी साधारण त्याच काळात किशोरांना प्रसंग निभावायला शिकवलं: मित्रांसमोर इन्सुलिन कसं घ्यायचं, नको ते खायचा आग्रह झाला तर काय बोलायचं, हे चक्क नाटकासारखं करून पाहायचं. वर्षभरात त्या मुलांची शुगरही सुधारली आणि आत्मविश्वासही.

सजगतेची वाट यापेक्षा निराळी, आणि ती काही अंशी आपल्या इगतपुरीच्या वाटेने जाते. पाली भाषेतला ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. लक्षात असणं, भान असणं. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्याला ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द दिला. ब्रह्मदेशात विपश्यना ही सजगतेची साधना भिक्षूंपुरती न राहता संसारी माणसांत आली. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. गुरूंनी आधी चक्क नकार दिला. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, हे त्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. पुढे त्याची आठवण पुन्हा होणार आहे.

गोएंकांनी १९६९ मध्ये भारतात शिकवायला सुरुवात केली, पहिलं शिबिर मुंबईत झालं. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. त्याआधी बोधगयेच्या त्यांच्या शिबिरांत काही अमेरिकी तरुण बसले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी गावात विपश्यना केंद्र काढलं. १९७९ मध्ये तिथल्याच एका शिबिरात जॉन कबात-झिन यांना सुचलं की हे सगळं धर्माच्या शब्दांविना इस्पितळात का नेऊ नये? त्याच वर्षी त्यांनी वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. येणारे रोगी बहुतेक जुनाट दुखण्याचे, ज्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते असे. या वर्गातला एक मनुका सावकाश, चव घेत खाण्याचा पाठ आता जगप्रसिद्ध आहे. (इन्सुलिनच्या डोससाठी खाण्यातले कार्ब, म्हणजे कर्बोदकं, मोजणाऱ्या मुलीला मात्र मनुका दिसला की चवीच्या आधी ग्रॅम आठवतात. तिला हा पाठ शिकवणाऱ्याने एवढं तरी ठाऊक ठेवावं.)

पुढची तीस वर्षं हा वर्ग प्रौढांपासून शाळांपर्यंत पसरला. मधुमेहात काय दिसलं? नेदरलँड्समधल्या २०१३ च्या एका चाचणीत टाइप वन आणि टाइप टू मिळून १३९ प्रौढ होते. ताण, चिंता, उदासी कमी झाली. एचबीएवनसी जागची हलली नाही. किशोरांवरच्या चाचण्या त्याहून लहान आहेत, त्यातून मोठमोठे दावे निघू शकत नाहीत. आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ऐंशीहून अधिक शाळांत आठ हजारांहून अधिक मुलांवरच्या चाचणीचा निकाल आला: वर्गात सगळ्यांना सरसकट सजगता शिकवली, तर नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा जास्त काही हाती लागलं नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तेरा वर्षांच्या मुलाला ‘डोळे मिटून बस’ म्हणणाऱ्या कुठल्याही पालकाला यात नवल वाटणार नाही.

इथे ऊ बा खिन यांचा नकार आठवतो. सजगता शुगर उतरवण्याचं औषध म्हणून विकली जाते तेव्हा माल खोटा आहे असं समजावं. टाइप वनमध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. ध्यान, योग, काढा, काहीही सुरू केलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. बंद केलं तर काही दिवसांत, कधी काही तासांत, रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. लग्नाकार्यात भेटणारे काका-मावशी जे उपाय सुचवतात, त्यांच्यापुढे हे वाक्य न लाजता म्हणावं.

मग सजगता नेमकी याच दशकात या मुलांपर्यंत का आली? माझ्या मते शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरमुळे. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, दिवसाला २८८. बाण वर, बाण खाली, रात्री अडीचला अलार्म. तोच आकडा आईच्या फोनवर लोकलमध्येही दिसतो. जीव वाचवणारी सोय आहे, तिच्याविरुद्ध बोलायचं नाही. पण लघवीच्या परीक्षानळीतला रंग निदान दिवसातून तीन-चारदाच कुणाची लायकी ठरवायचा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह संघटनांनी डॉक्टरांसाठी भाषेचे संकेत काढले: ‘चांगली-वाईट शुगर’, ‘कंट्रोल नाही’ असं म्हणू नका, आकडा ही माहिती आहे. सजगतेतला शिक्का न मारण्याचा धडा तो हाच. मराठीत तर अडचण दुप्पट. ‘किती आली?’ आणि निकालाच्या दिवशीचं ‘किती पडले?’ यांचा सूर एकच असतो.

या मुलांना शिकवताना एक गोष्ट विसरून चालत नाही. शुगर खाली गेल्यावर हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. परीक्षेच्या भीतीनेही तेच होतं. अशा वेळी डोळे मिटून श्वास पाहत बसणं धोक्याचं. आधी बोट टोचायचं. सीबीएसईने २०१७ पासून अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली ती त्यासाठीच. समजा मीटरने ६२ दाखवले. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर तोंडात टाकायची आणि पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. ही पंधरा मिनिटं फार लांब असतात. भूक खवळलेली, हात कापतायत, समोर पेपर, आणि भीतीपोटी आणखी खाल्लं तर दोन तासांनी आकडा तीनशेवर. औषध पोटात गेलेलं आहे, करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही. आता पाय जमिनीला टेकलेत का ते पाहायचं, आणि श्वास मोजायचे.