म्हैस आणि घटसर्पाचा जिवाणू

खान्देशात पावसाळा तोंडावर आला की गोठ्यांत घटसर्पाची धास्ती असते. म्हैस (ब्युबॅलस ब्युबॅलिस) आणि हा रोग आणणारा जिवाणू (पाश्चुरेला मल्टोसिडा) यांची ही तुलना. माणसाच्या घटसर्पाचा जिवाणू वेगळा, कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिई. गळ्याशी येणाऱ्या दोन्ही दुखण्यांना मराठीत एकच नाव पडल्याने घोटाळा होतो.

पूर्ण वाढलेली म्हैस साधारण ५०० किलो भरते. जिवाणूची लांबी एक-दोन मायक्रोमीटर; हजार जिवाणू ओळीने मांडले तरी रेघ फार तर दोन मिलिमीटरची. पण आकारापेक्षा काळाचा फरक जास्त महत्त्वाचा. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते आणि बहुधा एकच रेडकू देते. पोषक स्थितीत जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट झाला असे धरले, तर दहा तासांत एकाचे दहा लाख होतात. संध्याकाळी सरकीची ढेप खाल्लेले जनावर सकाळी तापाने फणफणते, गळा सुजतो, लाळ गळते, श्वास घुरघुरतो. पुष्कळदा दिवसभरात दगावते. नवी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तयार व्हायला शरीराला काही दिवस लागतात. म्हणूनच लस मृगाआधी टोचून घ्यायची असते.

म्हशीच्या पेशीत केंद्रक आणि त्यात ५० गुणसूत्रे असतात. जिवाणूला केंद्रक नसते; एकच वर्तुळाकार गुणसूत्र, त्यात सुमारे साडेबावीस लाख बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या. औषधाला वाव मिळतो तो अशा फरकांमुळेच. जिवाणू फॉलिक आम्ल स्वतः बनवतो, म्हशीच्या पेशी ते बनवत नाहीत. सल्फा औषधे नेमकी ही घडण अडवतात. मात्र उपचार पहिल्या काही तासांत व्हावा लागतो.

म्हशीला जिवाणूंचे वावडे मुळीच नाही. ज्वारीचा कडबा तिला स्वतःला पचत नाही. पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव तो कुजवून देतात. घटसर्पाचा जिवाणूही धडधाकट जनावराच्या घशात मुकाट राहू शकतो. बाजारापर्यंतची पायपीट, पहिल्या पावसाचे भिजणे, चाऱ्याची तूट यांनी जनावर खचले की तो उसळतो आणि दाव्याशेजारच्या जनावरांना लागतो. फऱ्या किंवा काळपुळी या जनावरांच्या दुसऱ्या रोगांच्या जिवाणूंसारखी बीजाणू (टणक कवचाचे सुप्त रूप) करून मातीत वर्षानुवर्षे टिकण्याची सोय त्याला नाही. त्याचा मुक्काम जनावरातच.