कौलं उतरवून पत्रा चढवण्याआधी

दिवाळी सरली की जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पट्ट्यात छपराची बोलणी सुरू होतात. कौलं फुटलेली असतात, वासे वाळवीने पोखरलेले असतात आणि शाकारणीला जाणती माणसं मिळत नाहीत. मग घरात ठरतं, यंदा पत्रा टाकायचा. निर्णय चुकीचा नाही. पण अनेकदा जुन्याच वाशांवर नवा पत्रा ठोकला जातो, आणि खरा धोका तिथे आहे.

मंगलोरी कौल दोन ते तीन किलोचं. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात, म्हणजे तीस-चाळीस किलो वजन झालं. अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा तेवढ्याच जागेत जेमतेम चार-पाच किलो भरतो. जुनं छप्पर वाऱ्यात टिकत होतं ते मुख्यतः या वजनामुळे. कित्येक जुन्या घरांत वासे भिंतीवर नुसते टेकवलेले असतात, त्यांना खाली धरून ठेवणारं दुसरं काही नसतं.

वारा छपरावरून जाताना आढ्यापाशी आणि वळचणीच्या कडेला त्याचा वेग वाढतो, तिथला दाब घटतो. दारं-खिडक्यांतून आत शिरलेली हवा खालून वर रेटते. दोन्ही मिळून छप्पर वर उचलू पाहतात. ताशी 90 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 38 किलोच्या आसपास जातो, आणि वेग दुप्पट झाला की तो चौपट होतो. चार किलोचा पत्रा अशा वेळी स्वतःच्या वजनावर जागचा राहूच शकत नाही. म्हणून पत्रा हुकाने पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्याला, पर्लिन कैचीला, म्हणजे छपराच्या तिकोनी सांगाड्याला, आणि कैची भिंतीत गाडलेल्या बोल्टला जखडलेली हवी. या साखळीतली एक कडी जरी ढिली राहिली, तरी बाकीचा खर्च वाया गेला असं समजावं. पत्रे वाऱ्याने उडाल्याचं आपण ऐकतो, पण पुष्कळदा पत्र्यासकट पर्लिनही उखडून जातात.

मग जड छप्परच बरं का? इथे कोयना आठवावी लागते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला आणि दगडमातीची घरं कोसळली. भूकंपात भिंतीला बसणारा आडवा हिसका वरच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे या भागात हलकं छप्पर फायद्याचंच, फक्त ते घट्ट बांधलेलं हवं. छप्पर उघडलंच आहे तर भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतून घ्यावा. कैचीचे बोल्ट त्यातच बसतात. माझ्या मते पैसे कमी पडत असतील तर पत्र्याचा रंग साधा घ्यावा, पण हा पट्टा सोडू नये.

आता पाणी. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हे 59,400 लिटर पाणी होतं. हिमालयातल्या उंचावरच्या गावांत बर्फ छपरावर साचून राहतो, म्हणून तिथला हिशेब साचलेल्या ओझ्याचा असतो. आपल्याकडे पाणी किती लवकर खाली उतरतं हा प्रश्न आहे. त्यामुळे घाटमाथ्यावर उतार वाढवावा, पन्हळ रुंद घ्यावी आणि तिला पुरेसा ढाळ द्यावा. पन्हळीत पाला अडकला की पाणी मागे फिरून थेट भिंतीत उतरतं. माण तालुक्यासारख्या कमी पावसाच्या भागातला नमुना इथे उचलून चालत नाही.

जुने पत्रे सिमेंटचे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. असे पत्रे फोडू नयेत, कापू नयेत. पाणी मारून ओले ठेवत अख्खेच उतरवावेत.

काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरकावं, वळवाच्या वावटळीत उघडं घर सापडायला नको. पत्रा बसवताना कारागिराशेजारी उभं राहून दोन गोष्टी पाहाव्यात. हुकाचं भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडलंय ना, आणि त्यावर रबरी वायसर बसलाय ना. भोक किंचित सैल असावं, कारण सहा मीटरचा पत्रा 40 अंशांनी तापला की जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो. आणि पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकाकडून लावत यावेत. म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते आणि पाणी आत घुसत नाही.