विंडोज १० नंतर: घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांसाठी आणखी एक वर्ष दिलं, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ वर जावं म्हटलं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे २०१६ साली घेतलेला, कीबोर्ड ठणठणीत असलेला, पडद्यावर एक डाग नसलेला लॅपटॉप बाद ठरला. गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत अशी यंत्रं किती घरांत असतील! त्यांच्यावर कामं तरी काय होतात? वीजबिल भरणं, नेटबँकिंग, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, सोसायटीच्या नोटिसा. एवढ्यासाठी चालतं यंत्र भंगारात टाकणं मला मनापासून खटकतं. लॅपटॉपमुळे वातावरणात जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग तो कारखान्यात घडतानाच जाऊन चुकलेला असतो. नवा घेतला की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

प्रोसेसर वयाने मंद होत नाही. पंख्यात धूळ साचून तो तापत असेल तर स्वतःचा वेग कमी करतो, पण ती धूळ झाडता येते. एरवी आकडेमोडीची त्याची क्षमता घेतली त्या दिवशी होती तितकीच आजही असते. वाढलेली असते ती वरच्या सॉफ्टवेअरची भूक. म्हणून सॉफ्टवेअर बदलून, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स टाकून पाहणं हा सरळ उपाय आहे.

१९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरव्हाल्ड्सने एक कर्नल लिहायला घेतला. तोच लिनक्स. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, कोणाला किती मेमरी, डिस्कवर कोणी लिहायचं, हे सगळं तो ठरवतो. भोवतीची बरीचशी साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून तयार होत होती. १९९२ मध्ये लिनक्सनेही त्याच प्रकल्पाचा जीपीएल परवाना स्वीकारला. हा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी मुभा त्या परवान्यात आहे. आज अँड्रॉइड फोनच्या आत हाच कर्नल आहे, आणि जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतो. तेव्हा ‘फुकट आहे म्हणजे कच्चं असणार’ ही शंका सोडून द्यायला हरकत नाही.

घरासाठी मी लिनक्स मिंट सुचवेन, म्हणजे हा कर्नल आणि भोवतीची साधनं एकत्र बांधलेली तयार, मोफत सिस्टिम. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी विंडोजची सवय असलेल्या हाताला लगेच जमते. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. ४ जीबी रॅम असली तरी ते बऱ्यापैकी चालतं.

आणि ते डिस्कवर न टाकताच चालवून पाहता येतं. मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट हीच. मिंटची साधारण ३ जीबीची फाइल रुफस किंवा एचरसारख्या प्रोग्रॅमने रिकाम्या पेनड्राइव्हवर लिहायची (त्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं), संगणक सुरू होताना एफ-१२ किंवा कंपनीप्रमाणे जी असेल ती कळ दाबून पेनड्राइव्ह निवडायचा, की दोन-तीन मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. हार्ड डिस्कवर तेव्हा काहीच लिहिलेलं नसतं.

हे साधतं कसं? पेनड्राइव्हवर अख्खी सिस्टिम दाबून बसवलेल्या एकाच फाइलमध्ये असते. ती फक्त वाचता येते आणि लागेल तेवढाच तुकडा मेमरीत उलगडला जातो. पण चालू सिस्टिमला सतत काही ना काही लिहायचं असतं. त्यासाठी कर्नल त्या फाइलवर रॅममध्ये दुसरा थर अंथरतो. छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून खुणा कराव्यात तसा. एखादी फाइल बदलायची वेळ आली की तिची प्रत वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. वाचताना कर्नल आधी वरचा थर पाहतो, तिथे नसेल तर खालचा. प्रोग्रॅमला दोन्ही मिळून एकच डिस्क दिसते. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते, वरचा थर जातो आणि विंडोज होतं तिथे असतं. म्हणून या अवस्थेत वायफाय लागतं का, आवाज येतो का, वेबकॅम आणि प्रिंटर चालतात का, हे सगळं निवांत तपासा. पेनड्राइव्हवरून वेग थोडा कमी भासेल. त्यावरून मत बनवू नका.

वेगाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल, तर नुसत्या लिनक्सने चमत्कार होणार नाही. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पुरा करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग वाचकाडीखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय काडी योग्य वर्तुळावर न्यायला आणखी काही मिलिसेकंद. इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभराच्या आतच मजल जाते, आणि संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे वाचायचे असतात. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा, २५६ जीबीची एसएसडी बसवून घ्या आणि तिच्यावर मिंट टाका. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवली की आपोआप बॅकअपही झाला. डिस्क न बदलता मिंट टाकणार असाल, तर फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढलीच पाहिजेत, कारण ‘डिस्क पुसा’ हा पर्याय खरोखरच सगळं पुसतो.

प्रोग्रॅम मिळवण्याची पद्धतही वेगळी आहे. बहुतेक सगळं एकाच भांडारातून येतं आणि त्यावर डिजिटल सही, म्हणजे ते मूळचंच आहे याची खूण असते. सही जुळली नाही, तर सिस्टिम इशारा देते आणि ते बसवायला नकार देते. कुठल्याशा संकेतस्थळावरून काहीबाही उतरवून घेण्याची सवय यामुळे सुटते, आणि घरच्या संगणकाची निम्मी दुखणी त्या सवयीतूनच आलेली असतात असं माझं मत आहे.

अडचणी आहेतच. हिशेबाचा टॅली हा प्रोग्रॅम लिनक्ससाठी बनत नाही, म्हणून सोसायटीचा किंवा दुकानाचा हिशेब त्यावर असेल तर एक विंडोज यंत्र ठेवा. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आणि काही जुने लेझर प्रिंटर त्रास देऊ शकतात. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात, गुंतागुंतीची मांडणी मात्र कधी कधी हलते. लिनक्स आणि लिब्रेऑफिस शिकायला पवईच्या आयआयटीत सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे आहेत, मराठीतूनही.

मराठीची सोय चांगली आहे. सेटिंगमधून इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची ठरलेली कळमांडणी किंवा उच्चारानुसार टंकन निवडता येतं, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाने घडवलेला ‘मुक्त’ हा सुबक फॉन्ट मोफत मिळतो. प्रश्न येतो तो जुन्या नोटिसा, पत्रं आणि इतिवृत्तांचा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणारी पद्धत. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या या फाइलींत अक्षरांचे संकेत वेगळे असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही संगणकावर त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात. विंडोज अजून चालू असतानाच त्या उघडा, परिवर्तक म्हणजे संकेत बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने युनिकोडमध्ये आणा, आणि जोडाक्षरं व रफार नीट आलेत ना ते डोळ्यांखालून घाला. महत्त्वाच्या कागदांची एकेक पीडीएफही काढून ठेवा.