टपावरचा अँटेना: बूस्टर की राउटर?

मेव्हण्याने जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरव्हॅन करून घेतली. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं. पहिली रात्र वैतरणेच्या बॅकवॉटरला काढली आणि सकाळी फोन आला, तोही घोटीत पोचल्यावर. "दाजी, गाडीत रेंजच नव्हती. एमजी रोडला एक बूस्टर बघून ठेवलाय. घेऊ का?"

म्हटलं, आधी फोटो पाठव. कारण बाजारात दोन निराळ्या वस्तू या एकाच नावाखाली खपतात. दोन्हींचा अँटेना टपावर, तिथून केबल खाली, आत एक डबा. दिसायला जुळ्या, काम मात्र अगदी वेगळं.

खरा बूस्टर म्हणजे रिपीटर. टपावरच्या अँटेनाने टॉवरचा सिग्नल पकडायचा, डब्याने तो वाढवायचा आणि आतल्या दुसऱ्या अँटेनाने गाडीत सोडायचा. फोनचा सिग्नल त्याच वाटेने उलटा टॉवरकडे जातो. सिम आपलंच, नंबर आपलाच, फोनला पत्ताही लागत नाही. ऐकायला झकास आहे.

घोळ जागेचा आहे. सप्ताहाच्या मंडपात माईक कर्ण्यासमोर आला की कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तेच इथे होतं. ट्रॅव्हलरमध्ये बाहेरचा आणि आतला अँटेना यांच्यात जेमतेम दोन मीटर. आतून सुटलेला सिग्नल खिडकीतून बाहेर जाऊन पुन्हा टपावर पकडला जातो, पुन्हा वाढतो, पुन्हा बाहेर. चांगल्या प्रतीचा बूस्टर अशा वेळी स्वतःची ताकद कमी करतो, म्हणजे पैसे देऊन काही मिळालं नाही. स्वस्तातला तसाच कोकलत राहतो, आणि ती शिट्टी आपल्याला नाही, टॉवरला ऐकू येते. आपल्या गाडीपायी शेजारच्या वाडीतल्या लोकांचे फोन तुटायला लागतात.

म्हणूनच आपल्याकडे खासगी माणसाला असा बूस्टर बिनपरवाना लावता येत नाही. बिनपरवाना वायरलेस यंत्र जवळ बाळगणं हाच 1933च्या कायद्याने गुन्हा ठरवला होता, आणि 2023च्या दूरसंचार कायद्यानेही ही गोष्ट मोकळी सोडलेली नाही. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक मोठ्या गाड्यांवर बिनधास्त बूस्टर लावताना दिसतात, कारण तिथे 2014पासून प्रमाणित बूस्टरच विकता येतात आणि ते मोबाईल कंपनीकडे नोंदवावे लागतात. तो व्हिडिओ बघून इथे खरेदी करायची नसते. काउंटरवर मिळतं म्हणजे चालतं, असंही नाही.

दुसरी वस्तू म्हणजे सिम टाकायचा फोरजी राउटर, बाहेरच्या अँटेनासकट. हा टॉवरचा सिग्नल वाढवून गाडीत सोडत नाही. हा स्वतःच एक फोन आहे, फक्त त्याचे कान टपावर आहेत. टॉवरशी तो बोलतो आणि आपल्याला वाय-फाय देतो. शिट्टीचा प्रश्नच येत नाही.

टपाचं महत्त्व कळायला डबा लागतही नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, अबाउट फोनखाली सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नल आकड्यात दिसतो. दांड्यांवर विश्वास ठेवू नका, हा आकडा बघा. आकडा उणे असतो, शून्याकडे जाईल तितका बरा. मेव्हण्याला तेच करायला लावलं: गाडीत उणे 114, टपावर हात वर करून उणे 101. तेरा डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नल वीसपट. ट्रॅव्हलरचा पत्राच एवढं खात होता.

राउटर घेताना केबल आखूड आणि जाड घ्या. दहा मीटर पातळ केबल गुंडाळून ठेवली तर अँटेनाने कमावलेलं तिच्यातच जिरतं. फोरजीचा अँटेना बहुतेक दोन केबलींचा असतो, दोन्ही जोडायच्या. आणि सिम आपल्या फोनच्या कंपनीचं नको, दुसऱ्या कंपनीचं घ्या. त्र्यंबकच्या बाजूला एकाचा टॉवर डोंगराआड गेला तर दुसऱ्याचा लागू शकतो. ब्रह्मगिरीच्या काळ्या कातळापलीकडून काहीच येत नसेल, तर मात्र दोन्ही डबे सारखेच मुके. तिथे गाडी पन्नास पावलं पुढे, उघड्या माळावर घेणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे.

राहिला कॉलचा प्रश्न. राउटर नुसतं नेट देतो, मग आपल्या नंबरवर फोन कसा येणार? त्यासाठी वाय-फाय कॉलिंग. एअरटेल आणि जिओने ते 2019च्या शेवटी आणि 2020च्या सुरुवातीला आणलं, पण सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. मेव्हण्याच्या फोनमध्ये बंदच होतं. पुढच्या शनिवारी वैतरणेहून त्याने पहिला कॉल आमच्या हिला केला: "ताई, पिठल्याला पाणी किती घालू?"