कमळ, मलम, लगाम आणि अँटीव्हायरस

दाराला दोन कुलपं लावली की चोराला दुप्पट त्रास, या हिशेबाने बरेच जण घरच्या संगणकावर दोन-दोन अँटीव्हायरस बसवतात. संगणक रांगायला लागतो आणि खापर व्हायरसवर फुटतं. फाईल उघडायला सांगितली की अँटीव्हायरसचा फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत बसलेला त्याचा पहारेकरी प्रोग्राम, तिला वाटेतच अडवतो, आधी स्वतः वाचतो आणि मग पुढे सोडतो. असे दोन नाकेदार बसवले, की पहिल्याने तपासायला उघडलेली फाईल तपासायला दुसरा धावतो. वर एकाच्या साठ्यातल्या व्हायरसच्या खुणा दुसऱ्याला अस्सल व्हायरस वाटू शकतात. म्हणूनच विंडोज १० आणि ११ मध्ये मुळातच असलेला डिफेंडर, दुसरा अँटीव्हायरस बसला की आपणहून बाजूला होतो.

पण हा नाकेदार फाईलमध्ये शोधतो काय? सगळ्यात जुनी आणि अजूनही कामाची पद्धत म्हणजे खूण, अर्थात सिग्नेचर: त्या व्हायरसमध्ये हटकून सापडणारी बाइट्सची रांग. ती किती लांब असावी? एका बाइटच्या २५६ शक्यता, म्हणून दोन बाइट्सच्या ६५,५३६. म्हणजे दोनच बाइट्सची खूण ठेवली, तर १ एमबीच्या यादृच्छिक फाईलमध्ये ती निव्वळ योगायोगाने सोळाएक वेळा सापडेल. चार बाइट्सची खूणही ५०० जीबीच्या डिस्कवर शंभरावर वेळा निघेल. सोळा बाइट्सना योगायोगाची भीती जवळपास संपते. तरी चूक होतेच, कारण खूण निवडताना निरपराध फाईलशी जुळणारा तुकडा उचलला जाऊ शकतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटीव्हायरस कंपनीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाईल व्हायरस ठरवली आणि जगभरचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले.

खुणा लाखो, डिस्कवरच्या फाईलीही लाखो. प्रत्येक फाईल प्रत्येक खुणेसाठी वेगळी वाचायची तर एक स्कॅन संपायला जन्म जाईल. इथे १९७५ साली आल्फ्रेड अहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी मांडलेली एक देखणी युक्ती कामाला येते. ती त्यांनी संदर्भसूचीतले शब्द शोधण्यासाठी काढली होती. व्हायरसचा तेव्हा संबंधही नव्हता.

समजा ‘कमळ’, ‘मलम’ आणि ‘लगाम’ या आपल्या तीन खुणा, आणि फाईलमध्ये लिहिलंय ‘कमलगाम’. तिन्ही खुणांचं मिळून एक झाड करायचं: मुळापासून तीन फांद्या, क, म आणि ल. आता फाईल वाचू. ‘क’ आला, पहिल्या फांदीवर चढलो. ‘म’ आला, ‘कम’पर्यंत पोहोचलो. पुढे हवा होता ‘ळ’, आला ‘ल’. अडाणी पद्धत इथे फाईलमध्ये मागे जाऊन दुसऱ्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात करते. अहो-कोरासिक मागे वळत नाही. ‘कम’ची शेपटी ‘म’ हीच ‘मलम’ची सुरुवात आहे, हे झाड बांधतानाच नोंदवलेलं असतं. म्हणून सरळ त्या फांदीवर उडी, आणि हातातल्या ‘ल’ने ‘मल’ झालं. पुढे ‘म’ हवा, आला ‘गा’. ‘मल’ची शेपटी ‘ल’, तिथून ‘लगाम’च्या फांदीवर उडी, ‘लगा’ झालं. शेवटचा ‘म’ आला आणि ‘लगाम’ सापडला! फाईलमधलं प्रत्येक अक्षर एकदाच वाचलं. खुणा तीनऐवजी तीन लाख असत्या, तरी फेरी एकच.

किंमत मोजावी लागते मेमरीत. झाडाच्या प्रत्येक थांब्यावरून २५६ वाटा निघू शकतात. एका वाटेच्या नोंदीला चार बाइट्स धरले, तर दहा लाख थांब्यांना जवळपास १ जीबी. म्हणून क्लॅमएव्ही या मोफत अँटीव्हायरससारखी इंजिनं खुणेच्या सुरुवातीच्या मोजक्या बाइट्सचंच झाड वाढवतात आणि तिथे जुळलं तरच उरलेली खूण तपासतात.

व्हायरस लिहिणाऱ्यांनी यावर उतारा काढला. व्हायरसच्या प्रत्येक प्रतीत बाइट्सवर वेगळ्या किल्लीने गणिती प्रक्रिया करून ते ओळखू येणार नाहीत असे करायचे, आणि पुढे ते सोडवणारा छोटा कोड जोडायचा, तोही दर वेळी रूप बदलणारा. १९९० चा ‘१२६०’ हा अशा बहुरूप्यांपैकी सुरुवातीचा. मग अँटीव्हायरसही नाटक करू लागला: संशयित प्रोग्राम खोट्या प्रोसेसरवर थोडा वेळ चालवायचा, त्याने स्वतःला उलगडलं की त्या खोट्या मेमरीत खूण शोधायची. हे नाटक फार वेळ चालवता येत नाही, कारण फाईल उघडायची वाट बघत माणूस खोळंबलेला असतो. बिलंदर व्हायरस तेवढा वेळ नुसता फालतू बेरजा करत काढतो.

‘एआय असल्यामुळे १०० टक्के संरक्षण’ अशी जाहिरात दिसली, तर संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांचा १९८० च्या दशकातला युक्तिवाद आठवावा. अचूक व्हायरस-ओळख्या आहे असं माना. आता असा प्रोग्राम लिहा, जो त्यालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर गप्प बसतो, ‘नाही’ आलं तर पसरतो. ओळख्या दोन्हीकडून चुकला. यातून एआयचीही सुटका नाही.

आता बसवण्याकडे. आधीचा अँटीव्हायरस असेल तर तो काढून रीस्टार्ट करा. तरी नवा बसत नसेल तर जुन्याचा ड्रायव्हर मागे उरलेला असतो आणि त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवावं लागतं. संगणकासोबत आलेला, मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरसही असाच काढा. नवा हवा असेल तर इन्स्टॉलर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. बसवल्या बसवल्या स्कॅन सुरू करू नका: इन्स्टॉलरमधल्या खुणा जुन्या असू शकतात, आधी अपडेट. मग एकदा फुल स्कॅन, ज्याला काही तास लागू शकतात, म्हणून लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा. एरवी क्विक स्कॅन पुरतो. तो मेमरी आणि संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम जिथे असतात त्या जागा बघतो. वेग वाढवण्यासाठी डाउनलोड्स फोल्डर तपासणीतून वगळायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, नको असलेल्या गोष्टी येतात त्याच वाटेने. काढलेला व्हायरस पुन्हा पुन्हा उगवत असेल, तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. त्यात संगणक रीस्टार्ट होऊन नेहमीचं विंडोज सुरू व्हायच्या आत साधारण १५ मिनिटांची तपासणी होते, त्यामुळे विंडोजच्या आडून लपणाऱ्याला लपायला जागा राहत नाही. आणि ब्राउझरमध्ये ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असं पान उघडलं, तर ते बंद करा. वेबपानाला तुमची डिस्क अशी परस्पर वाचताच येत नाही.

अँटीव्हायरस जागा आहे की नाही हे तपासायला ‘आयकार’ या संस्थेची चाचणी-फाईल आहे. ६८ अक्षरांची, पूर्ण निरुपद्रवी, पण अँटीव्हायरस कंपन्यांनी आपसांत ठरवून व्हायरस म्हणून ओळखायची. आयकारच्या साइटवरून ती उतरवली की इशारा यायला हवा. तिला पासवर्डच्या झिपमध्ये ठेवलं, तर मात्र तोच अँटीव्हायरस गप्प बसतो: कुलूपबंद बाइट्समध्ये त्याची खूण नाहीच. फाईल बाहेर काढली, की त्याच क्षणी ओरडतो. अनोळखी ईमेलला झिप जोडलेली असते आणि पासवर्ड मजकुरातच लिहिलेला असतो, तो याचसाठी.